संधिवात, स्टिरॉइड आणि ठिसूळ हाडं: बादली उचलली आणि आईचा मणका दबला

कोरांटी, नेरूळ

धागा कुठल्या विभागात टाकावा कळत नव्हतं, आरोग्यमध्ये टाकतेय, ॲडमिननी हलवला तरी चालेल.

आई ६४ वर्षांची, र्‍हुमॅटॉइड संधिवात (आरए), म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो, १३ वर्षांपासून. आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मागच्या महिन्यात एका सकाळी तिने बाथरूममधली अर्धी भरलेली बादली उचलून दोन फूट बाजूला ठेवली, बस एवढंच. पडली नाही, घसरली नाही, कुठे आपटली नाही. पाठीत कट् झालं म्हणाली आणि तिथेच पालथ्या बादलीवर बसून राहिली. आम्हाला वाटलं उसण भरली. बाम लावला, शेक दिला, मी तर पाठ चोळूनसुद्धा दिली, ते आठवलं की आता पोटात गोळा येतो. नवव्या दिवशी एक्सरे काढला तर छातीच्या मणक्यांमधला सगळ्यात खालचा, बारावा मणका, समोरून दबलेला, पाचरीसारखा दिसत होता.

ऑर्थोच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, शेवटची कधी केली? १३ वर्षांत एकदाही नाही. ज्यांच्याकडे इतकी वर्षं जात होतो तिथे दर वेळी सांधे बघायचे, इएसआर, सीआरपी या सुजेच्या रक्ततपासण्या, लिव्हर सगळं व्हायचं, आणि हाडांबद्दल ना त्यांनी कधी विषय काढला ना आम्ही विचारलं. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी, ५ मिलीग्रॅम, मात्र सहा वर्षं रोज चालू, मध्येमध्ये सूज वाढली की १० आणि परत ५.

एक गोष्ट सांगते, ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. दोनेक वर्षांपूर्वी आई म्हणायला लागली की बाल्कनीतली कपड्यांची दोरी उंच झालीय, हात पोचत नाही. खांद्यामुळे असेल म्हणून आम्ही दोरी चार बोटं खाली घेतली. नंतर तिचे गाऊन जमिनीला लागायला लागले, मी स्वतः खालून दुमडून शिवून दिले. आता डॉक्टर म्हणतात उंची कमी होणं हीच खूण होती, आधीचाही एखादा मणका थोडा दबला असणार. आम्ही दोरी खाली घेतली, गाऊन शिवले, आणि आईची उंची कोणी मोजली नाही.

तुमच्यापैकी किंवा घरी कुणाला आरए असेल तर हाडांची तपासणी केलीय का, कधी सांगितली, काय औषध चालू आहे? आणि हे स्टिरॉइडमुळे झालं की आजारामुळेच होतं?

वर्तकनगरकर

ताई, आईंना लवकर आराम पडो. मलाही र्‍हुमॅटॉइड आहे ९ वर्षं, वय ६३, पोलीस खात्यातून रिटायर. पण हे हाडं ठिसूळ होणं बायकांचं दुखणं ना, पाळी गेल्यावरचं? पुरुषांना पण होतं का?

खाडीकिनारा, कोपरी

काका होतं, पुरुषांनाही होतं. आरए बायकांमध्ये साधारण तिप्पट दिसतो आणि पाळी गेल्यावर हाडांची झीज वाढते म्हणून बायका जास्त दिसतात एवढंच. आरए आणि वर स्टिरॉइड असेल तर पुरुषाचीही हाडं तशीच जातात.

कोरांटी, मी ४४, आरए ३१व्या वर्षी लागला म्हणजे तुझ्या आईएवढीच वर्षं झाली. माझं मनगट २०१९ मध्ये मोडलं, ठाणे स्टेशनच्या जिन्यावर शेवटच्या पायरीला तोल गेला आणि हात टेकला. बाजूची बाई माझ्यापेक्षा जोरात आपटली, ती उठून गाडी पकडायला गेली, माझं मनगट मात्र मोडलं होतं. तेव्हापासून या विषयाचं मिळेल ते वाचत आलेय आणि माझ्या र्‍हुमॅटॉलॉजिस्ट मॅडम, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टर, प्रश्न विचारू देतात, म्हणून जरा लांब लिहिते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही. आपलं हाड कायम मोडतं आणि भरतं, काही पेशी जुनं हाड खातात आणि काही नवीन भरतात, घराच्या डागडुजीसारखं चालू असतं. आरएमध्ये सांध्यात जी सूज असते तिच्यातून टीएनएफ आणि आयएल-६ सारखी रसायनं रक्तात फिरतात आणि ती हाड खाणाऱ्या पेशींना जोर देतात. म्हणून सांध्याजवळचं हाड तर आधी विरळ होतंच, हाताच्या एक्सरेत दिसतं ते, पण मणका आणि खुबा जिथे आरए सहसा थेट जाऊन बसत नाही तिथलंही हाड जातं. मणक्याचं आणि खुब्याचं फ्रॅक्चर आरए असलेल्यांत बाकीच्यांपेक्षा जवळपास दुप्पट दिसतं. त्यात दुखतं म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून स्नायू गळतात, हाडावर भार पडत नाही म्हणून ते आणखी जातं.

स्टिरॉइड दुसऱ्या बाजूने मारतं. हाड भरणाऱ्या पेशीच कमी करतं, आतड्यातून कॅल्शियम नीट शोषू देत नाही. आणि मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला की सगळ्यात वेगाने नुकसान पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतं. म्हणजे "बघू, दोनेक वर्षांनी टेस्ट करू" म्हणेपर्यंत बरंच गेलेलं असतं. अमेरिकन र्‍हुमॅटॉलॉजी कॉलेजची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात रोज अडीच मिलीग्रॅम किंवा जास्त स्टिरॉइड तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर फ्रॅक्चरचा धोका सुरुवातीलाच, उशिरात उशिरा सहा महिन्यांत, तपासा असं सांगितलंय. अडीच. तुझ्या आईचा रोजचा त्याच्या दुप्पट.

पण स्टिरॉइडला नुसतं खलनायक करू नकोस. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेन्च यांनी कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं ते एका आरएच्याच बाईला, आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५०चं नोबेल त्यावर मिळालं. मला स्वतःला २०१२ मध्ये त्या गोळीने परत उभं केलंय, लेकीची वेणी घालता यायला लागली होती. फक्त ती गोळी घेताना हाडांवर कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे.

पळस, कळवा

मी मेडिकल स्टोअर चालवतो म्हणून एक गोष्ट घाईने लिहितोय. हा धागा वाचून कृपा करून कोणी प्रेडनिसोलोन आज रात्रीपासून बंद करू नका!! बरेच महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं जवळजवळ सोडून देतं, एकदम थांबवलं तर बीपी पडणं, उलट्या, चक्कर, पार ॲडमिट करावं लागतं. कमी करायचं ते डॉक्टर सांगतील तसं, थोडं थोडं.

आणि दुसरं. माझ्याकडे रोज माणसं चार वर्षं जुनी चिठ्ठी घेऊन येतात, घडीवर फाटलेली, टेप लावलेली, आणि म्हणतात तीच गोळी द्या, बरं वाटतं. मी दोन गोळ्या देऊन परत डॉक्टरांकडे पाठवतो तर शेजारच्या दुकानातून पूर्ण स्ट्रिप घेऊन जातात. कोरांटीताई, तुमच्या आईंची सहा वर्षं अशीच गेली का?

कोरांटी, नेरूळ

हो. खरं सांगायचं तर मधली तीन वर्षं तशीच. कोविडनंतर दवाखान्यात जायची भीती बसली, गोळी आणायला मीच जायचे.

शुभ्रमोगरा, खारघर

माझ्या सासूबाईंनापण आरए आहे. त्या रोज नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, रात्री दूध घेतात, त्यामुळे हाडांची काळजी नाही असं आम्ही धरून चालतो. तसंच त्यांना गावाकडून एकाच्या पुड्या येतात, वात कमी होतो, चार दिवसांत बोटांची सूज उतरते. अगदी जादू आहे. सगळं नैसर्गिक. पत्ता हवा असेल तर व्यनि करा.

पळस, कळवा

ताई, राग मानू नका. आरएची सूज चार दिवसांत उतरवणारं औषध मला एकच माहितीय आणि ते स्टिरॉइड. लेबल नसलेल्या पुडीत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड कुटून घातलेलं सापडलेलं आहे, एकदा नाही बऱ्याचदा. त्यात डोस किती ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. सासूबाईंचा चेहरा गोल झालाय का, अंगावर जरा लागलं तरी काळंनिळं पडतं का, शुगर वाढलीय का बघा, आणि त्यांच्या डॉक्टरांना पुडी नेऊन दाखवा. आणि वर लिहिलंय ते इथेही लागू, पुडीसुद्धा एकदम बंद करू नका, दाखवून मग.

शुभ्रमोगरा, खारघर

चेहरा सुजलाय हे खरंय. तब्येत सुधारली असं म्हणत होतो आम्ही. उद्याच नेते.

खाडीकिनारा, कोपरी

शुभ्रमोगरा, बरं झालं लिहिलंस, कितीतरी घरांत पुड्या चालू असतात.

नाचणीचं सांगते. नाचणी उत्तमच, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण एका भाकरीला पीठ लागतं ५० ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे पावणेदोनशे धर. कपभर दुधाचे सव्वादोनशे-अडीचशे. गरज आहे दिवसाला १००० ते १२००. म्हणजे जेवण मोजून बघायचं आणि कमी पडेल तेवढंच गोळीतून घ्यायचं. ड जीवनसत्त्व नसेल तर हे सगळं खाल्लेलं नीट शोषलंच जात नाही, आणि आपण एवढ्या उन्हाच्या गावात राहून तपासलं की बहुतेकांचं कमीच निघतं. ती ६०,००० युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे, शेजारणीने सांगितली म्हणून वर्षभर नाही.

आणि ज्यांचं हाड आधीच मोडलंय त्यांना नुसतं कॅल्शियम पुरत नाही. विटा-सिमेंट आणून टाकलं पण भरणारा गवंडीच नाही, तर भिंत कशी उभी राहणार.

पळस, कळवा

कॅल्शियमच्या वेळा: कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, सायट्रेट कधीही चालतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यात चार तास अंतर पाहिजे, लोहाची गोळीपण सोबत नको. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या काकू सकाळी थायरॉइड, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची गोळी एका घोटात घेतात. ती ॲसिडिटीची गोळीसुद्धा वर्षानुवर्षं चालू असेल तर गरज आहे का ते एकदा विचारा, दीर्घकाळ घेणाऱ्यांत फ्रॅक्चर थोडे जास्त दिसतात.

चालते_बोलते, ठाणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घोडबंदर रोडला प्रॅक्टिस. आरएच्या पेशंटला घरी बघायला जाते तेव्हा मी सगळ्यात आधी बाथरूम बघते. भिंतीला स्टीलचा दांडा हौसेने लावलेला असतो, पण तो गोल, बारीक, गुळगुळीत, आणि ज्या माणसाची बोटं बाहेरच्या बाजूला वळलीयत, मूठ पूर्ण बंद होत नाही, त्याला ओला दांडा धरताच येत नाही. तोल गेला तर हात नुसता घसरतो. अशांना जाड, खरखरीत दांडा पाहिजे, जमल्यास आडवा, पूर्ण कोपरापासूनचा हात टेकता येईल असा. वॉकरपण मुठीत धरायचा नाही, कोपरं टेकवायचा मिळतो. पावलांची बोटं वर चढलेली असतात, तळव्याला घट्टे, त्यामुळे जमीन नीट जाणवत नाही, म्हणून घरातपण मागे पट्टा असलेली चप्पल. आणि पावसाळ्यात आपल्याकडचे उखडलेले पेव्हर ब्लॉक, त्यांच्यावर तर धडधाकट माणूस पडतो.

कोरांटी, आईंना आता पुढे वाकणं बंद. फरशी पुसणं, खालचा कप्पा, बादली, सगळं. काही उचलायचंच असेल तर गुडघ्यात वाकून आणि अंगाजवळ धरून. कुणी योगाला नेत असेल तर पश्चिमोत्तानासन, हलासन अजिबात नको, दबलेल्या मणक्याच्या समोरच्या कडेवरच सगळा जोर येतो. पण म्हणून झोपवूनही ठेवू नका, तेही हाडाला वाईट. दुखणं ओसरलं की हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाठ ताठ करायचे व्यायाम, पण कोणाच्या तरी देखरेखीखाली.

ऐरोलीची_लेक

आमच्याकडचा अनुभव लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. माझी मावशी, आरए, खुब्याची डेन्सिटी खूप कमी, तिला २०१८ पासून डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारं औषध चालू होतं, सहा महिन्यांतून एकदा पोटावर इंजेक्शन. मस्त चाललं होतं. २०२० मध्ये लॉकडाउन लागला, एप्रिलचा डोस चुकला. आम्हाला वाटलं इतकी वर्षं घेतलंय, चार-सहा महिन्यांनी काय फरक पडतो. डिसेंबरमध्ये तिचे एकामागून एक तीन मणके दबले, खोकताना सुद्धा ओरडायची. नंतर कळलं की या औषधाचा असर सहा महिन्यांनी संपतो आणि मग धरून ठेवलेली झीज एकदम उसळी मारते. बंद करायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं, नुसतं सोडायचं नाही. हे इंजेक्शन देताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी पीपीई किट घालून तिला नेलं असतं.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनाने पुढची तारीख लिहा, आजच.

खाडीकिनारा, कोपरी

लेक, वाचून फार वाईट वाटलं. मावशी आता कशा आहेत?

मी हाडांसाठी अलेन्ड्रोनेट ही गोळी घेते, ७० मिलीग्रॅम आठवड्यातून एकदा. रविवारी उठल्या उठल्या उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जाळते. चहासुद्धा नाही. आरएच्या मेथोट्रेक्सेट गोळीचा माझा वार बुधवार आहे, दोन्ही आठवड्याच्या गोळ्या, म्हणून स्ट्रिपवर मार्करने वार लिहून ठेवलाय. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं.

ऐरोलीची_लेक

मावशी आहे आमच्याजवळच. बसते, फिरते, पण पाठीत वाकली ती वाकलीच.

कोरांटी, नेरूळ

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते.

डेक्सा झाली, वाशीला, दहा-पंधरा मिनिटांत, नुसतं टेबलावर पडून राहायचं. खुब्याचा टी स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी तो आकडा, उणे २.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली रेघ. कमरेचा मात्र उणे १.९, तर मी खुश झाले, कंबर तरी चांगली आहे म्हणून. नवीन र्‍हुमॅटॉलॉजिस्ट म्हणाले तो आकडा फसवा आहे, वयानुसार मणक्यांना कडेने जे हाड वाढतं ते मशीन घनताच समजून मोजतं. आणि आकडा कितीही असो, बादली उचलून मणका मोडला म्हणजे निदान झालंच.

त्यांनी माझ्यासमोर फ्रॅक्सपण भरून दाखवलं. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून आलेलं आहे, नेटवर फुकट, भारत निवडता येतो, पुढच्या दहा वर्षांत मोठं फ्रॅक्चर व्हायची शक्यता टक्क्यात देतं. त्यात र्‍हुमॅटॉइडचा वेगळा रकाना आहे आणि स्टिरॉइडचा वेगळा. म्हणजे १७-१८ वर्षं जगभरच्या डॉक्टरांसमोर तो रकाना आहे, आणि आमच्या आईच्या नावाने कोणी तिथे हो लिहिलं नाही. डॉक्टर म्हणाले गुडघे झिजलेत त्या साध्या संधिवाताला तिथे हो लिहायचं नाही, फक्त र्‍हुमॅटॉइडला. आणि घरात किती वेळा पडलात हे त्यात धरत नाहीत, ते आपण सांगायचं.

आईला टेरिपॅराटाइड सुरू केलंय, रोज एक इंजेक्शन, हे हाड नवीन भरायला लावतं, जास्तीत जास्त दोन वर्षं घ्यायचं आणि संपलं की लगेच दुसरं औषध, नाहीतर भरलेलं परत जातं. पेन फ्रिजमध्ये ठेवतो, दह्याच्या भांड्याच्या बाजूला. आईची बोटं इतकी वळलीयत की पेनचं बटण तिच्याने दाबलं जात नाही, म्हणून रात्री जेवणं झाली की मी देते. पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता, तीच म्हणाली टोच गं, मला तेरा वर्षं दुखायची सवय आहे. आता एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं चाललंय, आणि त्या पाच मिनिटांत आम्ही दोघी बोलतो, आधी इतकं बोलत नव्हतो.

स्टिरॉइड हळूहळू उतरवतायत आणि आरएचं मुख्य औषध बदललं, कारण सूज ताब्यात आली नाही तर हाडाचं औषध एका हाताने भरणार आणि आजार दुसऱ्या हाताने काढणार.

वर्तकनगरकर

धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. कोरांटीताई, तुमच्या दोरीच्या गोष्टीवरून झोप लागेना. १९८३ला भरती झालो तेव्हा मैदानावर उंची मोजून कागदावर लिहिली होती, १७० सेंटिमीटर, तो कागद अजून ट्रंकेत आहे. काल नातवाला म्हटलं टेप आण, भिंतीला टाच लावून ताठ उभा राहिलो, त्याने डोक्यावर वही धरून पेन्सिलची रेघ मारली. १६४. दोनदा मोजलं.

आज सकाळी बाजूने पाठीचा एक्सरे काढला. दोन मणके दबलेले, जुने आहेत म्हणाले. मला तर पाठ कधी फार दुखली नाही, दुखली ती नाइट ड्युटीची सवय म्हणून सोडून दिली. डॉक्टर म्हणाले मणक्याची निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर अशीच कळत नाहीत. स्टिरॉइड मीपण पाच वर्षं घेतोय.

गुरुवारी डेक्सा आहे. उपाशी जायचं का, गोळ्या बंद करायच्या का, कोणी सांगेल का?

खाडीकिनारा, कोपरी

काका, उपाशी नको. आदल्या दिवसापासून फक्त कॅल्शियमची गोळी घेऊ नका, बाकी सगळ्या चालू, स्टिरॉइडसुद्धा. धातूची चेन, बक्कल नसलेले कपडे घाला, लेंगा उत्तम. नुकताच बेरियम किंवा डाय टाकून सिटी स्कॅन झाला असेल तर आधी फोन करून सांगा. आजचा एक्सरे सोबत न्या, आणि तो १९८३चा कागदपण. मी गुरुवारी सुट्टीवर आहे, घरून कोणी येणार नसेल तर सांगा, मी येते.